आल्मेरेतला जामीनदार

ती गोष्ट आठवली की आजही माझं डोकं तापतं. डॉक्टर म्हणतात, रक्तदाबाची गोळी वयामुळे लागली. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, पण ती कधीपासून लागली हे मला ठाऊक आहे. चौतीस वर्षं खाकी अंगावर होती. खून, दरोडे, दंगली, सगळं पाहून झालं. मात्र ज्या प्रकरणाने मला सर्वांत जास्त चीड आणली ते माझ्या हद्दीत घडलं नाही आणि नोकरीच्या काळातही घडलं नाही. ते घडलं नेदरलँड्समध्ये, मी लेकीच्या घरी पाहुणा असताना. यात दुसऱ्या कोणाचं नाव लिहिणार नाही. माझ्या वाट्याचं जे आहे ते मात्र लपवणार नाही.

तीन महिन्यांसाठी म्हणून गेलो होतो. कोरोना आला, विमानं बंद झाली आणि मी लेकीच्या गावी, आल्मेरेत अडकलो. लेक आणि जावई दोघंही अ‍ॅमस्टरडॅमला नोकरीला. एरवी रोज ट्रेनने जायचे, आता एक जण वरच्या खोलीत आणि एक जण खाली लॅपटॉप उघडून बसायचे. मला काहीच काम नव्हतं. सकाळी कालव्याच्या कडेने चालायचं, समोरून कोणी आलं की दीड मीटर बाजूला व्हायचं, घरी येऊन चहा प्यायचा. ज्याच्या टेबलावर दिवसाला दहा तक्रारी यायच्या त्या माणसाने बदकं तरी किती दिवस बघायची?

मग तक्रारी आपोआप यायला लागल्या. निवृत्त पोलीस निरीक्षक आल्मेरेत आहेत ही बातमी मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरली. घरमालक अनामत परत देत नाही, काय करू? दंडाची नोटीस आली, भरू का? मी सगळ्यांना सल्ला द्यायचो. लेक म्हणायची, "बाबा, तुम्हाला इथला कायदा माहीत नाही." मी म्हणायचो, "माणूस सगळीकडे सारखाच असतो." हे वाक्य मला फार आवडायचं. खरं सांगायचं तर, कोणीतरी पुन्हा 'साहेब' म्हणत होतं, तेच आवडत होतं.

एका दुपारी लेकीची एक मैत्रीण आली. लग्न होऊन नवऱ्याच्या डिपेंडंट व्हिसावर आलेली, आता तिथल्या एका दवाखान्याच्या ऑफिसात नोकरी करणारी. घरात यायला नको म्हणाली. मागच्या अंगणात दोन टोकांना दोन खुर्च्या टाकल्या. मास्कच्या वर तिचे डोळे रडून सुजलेले दिसत होते.

"काका, माझ्या भावाला धरलंय."

"कोणत्या गुन्ह्यात?"

"गुन्हा नाहीच आहे ना! संध्याकाळी सायकलला लाइट नव्हता. पोलिसांनी थांबवून आयडी मागितला."

भाऊ साताऱ्याकडचा, पेशाने आचारी. आइंडहोवनच्या एका भारतीय हॉटेलात होता. त्याचं राहण्याचं परमिट त्या नोकरीला बांधलेलं, राहायची खोलीही हॉटेलच्या माडीवरच. लॉकडाउनमध्ये हॉटेल बंद पडलं. मालकाने नोकरी संपल्याचं इमिग्रेशन खात्याला कळवून टाकलं आणि आचाऱ्याला मात्र 'उघडलं की बोलावतो' म्हणत राहिला. खात्याची पत्रं कुलूप लागलेल्या हॉटेलात पडून राहिली. परमिट रद्द झालं तेव्हा हा कधी या मित्राकडे, कधी त्या मित्राकडे झोपत होता. पोलिसांनी विचारलं, पत्ता काय? सांगता आला नाही. पासपोर्ट कुठाय? जवळ नव्हता. त्याला रॉटरडॅमकडच्या बंदी केंद्रात टाकलं. गुन्हेगार म्हणून नाही, परत पाठवायचा परदेशी माणूस म्हणून.

"मास्ट्रिख्टला एक हॉटेलवाला त्याला पार्सलच्या कामावर घेतो म्हणालाय काका. तो नवीन परमिटसाठी अ‍ॅप्लाय करणार होता. पण महिनाअखेरपर्यंत पासपोर्ट आणि हा, दोन्ही समोर पाहिजेत. नाहीतर तो दुसरा माणूस बघणार."

माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो 'जामीन'. चौतीस वर्षांची सवय. माणूस आत गेला की बाहेर काढायची एकच वाट मला ठाऊक होती.

"तेच विचारायला आले," ती म्हणाली. "आपल्याच ग्रुपवर एक जण आहेत. इमिग्रेशन बॉण्ड करून देतात. पैसे भरायचे, इथल्या कोणीतरी जामीनदार म्हणून सही करायची आणि भावाचा ओरिजिनल पासपोर्ट जमा करायचा. पंधरा दिवसांत बाहेर, म्हणाले. पैशाचं मी बघेन. पासपोर्ट माझ्याकडेच आहे, हॉटेल बंद झालं तेव्हा त्याने बॅग माझ्याकडे ठेवली. पण काका, तो हातातून सोडायला माझा जीव होत नाही."

आता मी काय म्हणालो ते वाचा. "अगं, पासपोर्ट जमा करणं ही तर जामिनाची पहिली अट. आमच्या कोर्टात रोज चालतं ते. माणूस पळून जाऊ नये म्हणून घेतात. बिनधास्त दे."

"आणि सरकारने त्याला एक वकील दिलीय. एक बाई आहेत. फी नाही."

यावर मी हसलो. आमच्याकडे आरोपीला मोफत मिळालेले कितीतरी वकील मी पाहिले होते. तारखेला धावत यायचे, आरोपीचं नाव शिपायाला विचारायचे आणि कागद न वाचता उभे राहायचे. चांगलेही होते, पण लक्षात राहतात ते वाईटच. मी म्हणालो, "फुकटच्या वकिलावर विसंबून राहू नका."

त्याच दुपारी केंद्रातून भावाचा फोन आला. भेटी कोरोनामुळे बंद होत्या, फोन मात्र करता यायचा. बहिणीने स्पीकर लावला.

"साहेब, नमस्कार," पलीकडून दबका आवाज आला.

"घाबरू नकोस. पासपोर्टचं कोणी विचारलं तर काय सांगशील?"

"ताईकडं हाय म्हणून सांगतो की."

"अजिबात नाही. पासपोर्ट त्यांच्या हातात पडला की विमानात बसवतात. मला माहीत नाही, एवढंच म्हणायचं. त्या वकीलबाईंनाही तेच. आणि ताईचं नाव, पत्ता काढायचा नाही, तिच्याही परमिटचा प्रश्न आहे. समजलं?"

"व्हय साहेब. माहीत नाही म्हणायचं."

संध्याकाळी बहिणीने पासपोर्ट त्या बॉण्डवाल्या इसमाला दिला.

पंधरा दिवस झाले, वीस झाले. त्या इसमाचे निरोप यायचे: फाइल टेबलवर आहे, साहेब सुट्टीवर आहेत, कोरोनामुळे स्टाफ कमी आहे. ही वाक्यं मी आयुष्यभर ऐकली होती, काही वेळा स्वतः लोकांना ऐकवलीही होती, आणि तरी मला संशय आला नाही. ओळखीचं वाटलं म्हणूनच आला नाही. आपल्या घरचा वास आपल्याला येत नाही, तसं ते.

मग एके दिवशी बहीण पुन्हा अंगणात येऊन बसली. "काका, आता ते म्हणतायत की दुसरा जामीनदार पाहिजे. त्याचाही पासपोर्ट लागेल. तुम्ही व्हाल का, असं विचारलंय."

माझे कान इथे पहिल्यांदा टवकारले. आमच्या कोर्टाबाहेर धंदेवाईक जामीनदार असतात. एकच रेशनकार्ड, एकच घरपट्टीची पावती घेऊन दहा आरोपींना जामीन राहणारे. त्यांच्या दलालाची रीत ठरलेली असते. पहिलं काम अडकवून ठेवायचं आणि त्याच्या जिवावर दुसरं मागायचं. मी म्हणालो, "आधी पहिल्या जामिनाचा कागद आण."

तिने फोनवर कागद उघडला. चार पानी इंग्रजी फॉर्म, वर शिक्का, खाली तिची सही. मी चष्मा लावून वाचला, पुन्हा वाचला. मग लेकीला खाली हाक मारली.

"यात आरोपीची सही कुठाय?"

लेक म्हणाली, "बाबा, तो आरोपी नाहीये."

"अगं, जो आत आहे त्याची. जामीनदार म्हणतो, हा पळाला तर मी जबाबदार. पण आधी आतल्या माणसाने स्वतः लिहून द्यावं लागतं की मी हजर राहीन. त्याशिवाय कोणी तुरुंगाचं दार उघडत नाही. चोराला सोडताना मी हजार मुचलके लिहून घेतलेत. ज्याला सोडायचं त्याचीच सही नाही, असा एकही नव्हता."

लेकीने फोन हातात घेतला आणि वरून खाली वाचत गेली. मग म्हणाली, "बाबा, हे बघा. इथे काउंटी लिहायची जागा आहे. नेदरलँड्समध्ये कुठली काउंटी? हा फॉर्म अमेरिकेचा आहे. कोणीतरी वेबसाइटवरून उचलून वरचं नाव बदललंय."

तेव्हाच भावाचा रोजचा फोन आला. मी विचारलं, "तुझ्याकडून कोणी कुठल्या कागदावर सही घेतली का?"

"न्हाई साहेब, कोणी आलंच न्हाई. ती वकीलबाई तेवढी फोन करती. दरवेळी दोनच गोष्टी इचारती. पासपोर्ट कुठं हाय, आन् बाहेर आल्यावर राहणार कुणाकडं."

"तू काय सांगतोस?"

"तुम्ही सांगितलंय तेच. माहीत नाही."

पोलिसाला कळतं, जेव्हा एखादा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो तेव्हा कुलूप तिथेच असतं. लेकीने भावाकडून वकीलबाईंचा नंबर घेतला आणि लगेच फोन लावला. दोघी इंग्रजीत बोलत होत्या. लेकीचा चेहरा उतरत गेला. नंतर तिने मला एकेक वाक्य मराठीत सांगितलं, आणि त्यातलं काही गाळलं नाही याचं श्रेय मी तिला देतो.

इथे परदेशी माणसाला बंद करतात ते शिक्षा म्हणून नाही, तर तो गायब होईल या भीतीने. ती भीती नाही असं दाखवलं की कोर्ट त्याला सोडू शकतं. दर आठवड्याला हजेरी द्यायची, ठरलेल्या घरी राहायचं, पासपोर्ट खात्याकडे जमा करायचा. त्यात विमानंही धड चालू नाहीत, मग पाठवणार कुठे आणि कोंडून ठेवणार कशाला, असा मुद्दा बाईंच्या हातात होता. पैसे भरून हमी देण्याची तरतूद कागदावर आहे, पण बाईंनी ती वापरलेली कधी पाहिली नव्हती, आणि वापरलीच तरी मधे एजंट नसतो. एक सुनावणी होऊनही गेली होती. न्यायाधीशांनी विचारलं, पासपोर्ट? माहीत नाही. पत्ता? माहीत नाही. न्यायाधीश म्हणाले, मग हा माणूस बाहेर सोडला तर सापडणार कसा?

म्हणजे त्याच्या सुटकेला लागत होतं ते एक पासपोर्ट आणि एका बहिणीचं घर. दोन्ही पहिल्या दिवसापासून होतं. पासपोर्ट मी भामट्याच्या हातात द्यायला लावला आणि घराचा पत्ता मी लपवायला लावला.

"आणखी काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"त्या विचारत होत्या, असं बोलायला त्याला कोणी शिकवलं." लेक माझ्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या इसमाकडे गेलो. लेक बरोबर आली. एकट्याला पाठवायला ती तयार नव्हती. दहा मिनिटांवर घर, रांगेतलं, दारात दोन सायकली आणि तुळशीची कुंडी. इसम पुण्याकडचा, चाळिशीचा, आयटीतला. लॉकडाउनमध्ये त्याचं प्रोजेक्ट गेलं होतं हे मागाहून कळलं. गेलं असेल. आचाऱ्याचीही नोकरी गेली होती, त्याने कोणाला फसवलं नाही.

"या काका, या! तुमच्याबद्दल फार ऐकलंय." त्याने अंगणात खुर्च्या मांडल्या, चहा आणला, अंतर ठेवून बसला. मी दुसरा जामीनदार व्हायला आलोय असं त्याला वाटत होतं. मी तसंच वाटू दिलं.

संशयिताला कधी उलटसुलट प्रश्नांनी सुरुवात करू नये. त्याला त्याचं कौतुक सांगू द्यावं. वीस मिनिटं त्याने आपली ओळख कुठे कुठे आहे आणि पासपोर्ट कोर्टात कसा सुखरूप आहे ते सांगितलं. मी मान डोलावत राहिलो. मग म्हणालो, "मला म्हातारपणी नीट लक्षात राहत नाही. शेवटापासून सांगा बरं. आज पासपोर्ट कुठाय? काल कुठे होता? त्याआधी?"

खरं घडलेलं माणूस दोन्ही बाजूंनी सांगू शकतो. रचलेलं उलटं सांगताना जीभ अडखळते. मघाशी पासपोर्ट कोर्टात होता, तो आता खात्यात निघाला, मग वकिलाकडे.

"कुठल्या वकिलाकडे?"

"त्याच्याच, सरकारने दिलेल्या."

"छान. लाव गं फोन."

लेकीने बाईंचा नंबर लावून स्पीकर चालू केला. मी त्या इसमाला म्हणालो, "सांगा त्यांना. पासपोर्ट त्यांनी कुठल्या कपाटात ठेवलाय ते विचारा." पलीकडून बाईंनी स्वच्छ इंग्रजीत विचारलं, आपण कोण? त्याच्या हातातल्या कपातून चहा सांडला. बाई पुन्हा म्हणाल्या, आपलं नाव सांगा. फोन ठेवला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता आणि बाहेर दहा-बारा डिग्री तापमान होतं.

"काका, मी परत देणारच होतो."

"घेऊन ये."

तो आत गेला आणि कागदाची जाड पाकिटं घेऊन आला. एकातून साताऱ्याच्या पोराचा पासपोर्ट काढला. उरलेली पाकिटं घाईने मागे लपवायला लागला, तेवढ्यात लेकीने ती ओढून टेबलावर ओतली. आणखी चार पासपोर्ट. चार वेगळे चेहरे. सगळे आपलेच.

खोटं कशाला लिहू, माझा हात उठला. ठाण्यात असतो तर तो हात खाली आलाही असता आणि स्टेशन डायरीत त्याची नोंद झाली नसती. लेकीने मनगट धरलं. तो माणूस खुर्चीत आक्रसला, आणि मग चिडून म्हणाला, "माझ्यावर काय हात उगारता? त्या ताई पासपोर्ट द्यायला तयारच नव्हत्या! तुम्हीच त्यांना म्हणालात ना बिनधास्त दे म्हणून? त्यांनीच सांगितलं मला. मग मी काय एकटाच चोर?"

मी म्हणालो, "मला फसवून..."

"तुम्हाला मी फसवलं? तुमची-माझी तर भेटही झाली नव्हती!"

बरोबर होतं. त्याने मला एक शब्दही सांगितला नव्हता. पुढे जे कळलं ते त्याहून वाईट. लेकीने त्या चार जणांना शोधून फोन केले. दोघांनी आपल्याला आलेला त्याचा मेसेज पाठवला. त्यात लिहिलं होतं: 'महाराष्ट्र पोलीस दलातील एका निवृत्त अधिकाऱ्यांनी आमचे कागद पाहून खात्री दिली आहे.' त्या दोघांनी पासपोर्ट दिले होते ते त्या मेसेजनंतर. मी अंगणात चहा पिता पिता दोन शब्द बोललो, आणि त्या हरामखोराने ते छापील पाटीसारखे दुकानावर लावले.

बहिणीने पोलिसांत तक्रार दिली. त्या वस्तीची पोलीस अधिकारी तिच्या घरी सायकलवरून आली, तिशीतली, शांत. अंगणात बसून तिने टॅबवर जबाब टाइप केला. मी मागे उभा होतो, लेक दुभाषी. बहीण सगळं सांगत गेली: मेसेज, फॉर्म, सही. पासपोर्ट दिल्याच्या जागी आली आणि म्हणाली, "मला वाटलं, बरोबर असेल." अधिकारीबाईंनी विचारलं, का वाटलं? तिने माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली केली. "असंच वाटलं."

तो क्षण मला ओळखीचा होता. शेकडो साक्षीदार मी असे पाहिलेत, वडीलधाऱ्याचं नाव गिळून टाकणारे. अशा वेळी मी टेबलावर हात आपटायचो. इथे आपटायला टेबल दुसऱ्याचं होतं आणि गिळलेलं नाव माझं.

"खोटं नको लिहून देऊस, पोरी," मी म्हणालो. "यांना सांग, मी सांगितलं म्हणून."

"काका, असू दे. तुम्ही आपले म्हणून सांगितलंत."

"सांग म्हणतो ना!" माझा आवाज चढला. "आणि माझा जबाब वेगळा घ्या."

घेतला. चौतीस वर्षांत किती जबाब मी नोंदवले त्याचा हिशेब नाही, दिला तो हा पहिला. अधिकारीबाईंनी विचारलं, तुम्हाला इथला कायदा माहीत होता का? मी म्हणालो, नाही. मग तुम्ही कशाच्या आधारे सांगितलंत? लेकीने विचारलं, "काय सांगू यांना, बाबा?" मी म्हणालो, "सांग, सवयीने."

वकीलबाईंनी पुन्हा अर्ज केला. सुनावणी व्हिडिओवर झाली. पासपोर्ट खात्याकडे जमा, बहिणीच्या घराचा पत्ता, तिची सही की भाऊ इथे राहील, दर आठवड्याला हजेरी. त्याच दिवशी सोडलं. फुकटच्या वकिलाने जे पहिल्या दिवसापासून मागितलं होतं तेवढंच दिलं आणि दार उघडलं. पण तोवर महिना उलटून गेला होता. मास्ट्रिख्टच्या हॉटेलवाल्याने दुसरा आचारी ठेवला होता. त्याचा दोष नाही, त्याला चूल पेटती ठेवायची होती. नवा मालक नाही म्हणजे नवं परमिट नाही. विमानं सुरू झाली की परत जायचं, एवढंच त्या पोराच्या हातात उरलं.

त्या भामट्यावर खटला झाला, शिक्षा झाली, ती मला कमी वाटली. मला ती कितीही असती तरी कमीच वाटली असती. माझ्यावर कोणी ठपका ठेवला नाही. सल्ला देणं हा गुन्हा नाही, असं अधिकारीबाई म्हणाल्या. त्यांचं म्हणणं कायद्याने बरोबर होतं आणि मला त्याचाच संताप आला. ठाण्यात माझ्या हाताखालच्या कोणी असा घोळ घातला असता तर मी त्याला उभा सोलला असता.

तो आचारी भारतात परत जायच्या आदल्या दिवशी लेकीच्या घरी आला. मी त्याला तेव्हा प्रथमच पाहिलं. अंगाने बारीक, हातावर तेलाने भाजल्याचे जुने डाग. येताना डबा घेऊन आला होता, खर्डा आणि भाकरी. मी म्हणालो, "माझ्यामुळे तुझी नोकरी गेली रे." माफी मागायची मला सवय नाही, त्याहून पुढचे शब्द जमले नाहीत.

तो म्हणाला, "तसं नका बोलू साहेब. तुमचा राग न्हाई. पन एक सांगू का? ती वकीलबाई इचारायची तवा माझ्या तोंडात यायचं, ताईकडं हाय म्हणून. लई येळा आलं. मग वाटायचं, आपल्याला काय कळतंय, साहेब पोलिसात होते. मग म्हणायचो, माहीत नाही."

डबा ठेवून तो गेला. भाकरी चांगली होती. मी ती उभ्यानेच खाल्ली.

आता मी गावी परत आलोय. अजूनही फोन येतात. साहेब, असं असं झालंय, पुढे काय करू? आठवतं तेवढं सांगतो. जिथे ठाऊक नसतं तिथे म्हणतो, मला माहीत नाही, वकिलाला विचार. हे तीन शब्द मी खाकीत असताना एकदाही उच्चारले नाहीत, कारण ठाण्यात साहेबाला माहीत नाही असं काही नसतं. त्या दुपारी अंगणात बहिणीने विचारलं तेव्हा ते मी म्हणायला हवे होते. मी ते म्हणालो नाही, आणि त्या पोराच्या तोंडी घातले.